अख्खी गाडी ठरवताना : इंदूरहून माल पाठवणाऱ्या आपल्या उद्योजकांसाठी

मराठीत ‘हुंडेकरी’ असा एक जुना शब्द आहे. आता तो आडनावापुरता उरला आहे, पण एके काळी तो धंदा होता. व्यापाऱ्याकडून एकच ठरीव रक्कम घ्यायची आणि वाटेतला सगळा खर्च, जकात, टोल सोसून माल मुक्कामी पोचवायचा, ही हुंडेकऱ्याची जबाबदारी. त्या रकमेला हुंडाभाडे म्हणत. आज सांवेर रोडवरच्या एखाद्या छोट्या कारखान्याचा मालक फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याला विचारतो, “पुण्यापर्यंत सगळं मिळून किती?”, तेव्हा तो हुंडाभाडेच विचारत असतो. फरक इतकाच, की समोरचा माणूस हुंडेकरी आहे की नुसता फोन जोडून देणारा, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. या लेखातले बरेचसे बोलणे त्या फरकाभोवतीच आहे.

इंदूरच्या मराठी घरांत नोकरीपेशा मोठा. होळकरी दरबारापासून बँक, वीज मंडळ, शाळा-कॉलेजे अशी ती परंपरा. पण गेल्या काही वर्षांत आपल्यातली तरुण मंडळी सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य, मसाले, फराळाचे पदार्थ, औषधी कच्चा माल अशा धंद्यांत उतरली आहेत. माल बनवणे त्यांना चांगले जमते. तो पाठवणे मात्र ‘कोणीतरी करेल’ या सदरात राहते. पहिली काही वर्षे पार्सलने, म्हणजे पार्ट लोडने भागते. मग एखादी मोठी ऑर्डर येते, पुण्याची किंवा भिवंडीची, आणि अख्खी गाडी करावी लागते. तिथे नफा वाचतो किंवा बुडतो.

पार्ट लोड की फुल लोड, हा पहिला प्रश्न. पार्ट लोडमध्ये आपला माल ट्रान्सपोर्ट कंपनीच्या इंदूरच्या गोदामात उतरतो, दहा जणांच्या मालाबरोबर भरला जातो, भिवंडीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या गोदामात परत उतरतो आणि छोट्या गाडीने पुढे जातो. तीन-चार वेळा हमालांच्या हातून जाणे आले. फुल लोडमध्ये आपल्या दारात गाडी भरते आणि गिऱ्हाइकाच्या दारात रिकामी होते. मधे कोणी हात लावत नाही. म्हणून माल नाजूक असेल, तारखेला बांधलेला असेल, किंवा अर्ध्या गाडीच्या वर जात असेल, तर पूर्ण गाडीचा हिशेब करून पाहावाच. पुष्कळदा पार्सलचे भाडे, दोन्हीकडची हमाली आणि मोडतोड धरली तर अर्धी रिकामी गाडीही स्वस्त पडते.

गाडी कोणती?

गाडीची भाषा चाकांची आणि फुटांची आहे. चौदा फुटी, सतरा फुटी, एकोणीस फुटी या लहान गाड्या. मग सहा चाकी, दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकी या उघड्या ट्रकांची रांग. आणि बंद पेटीचा बत्तीस फुटी कंटेनर, तो सिंगल एक्सल किंवा मल्टी एक्सल. सिंगल एक्सलमध्ये साधारण सात टन, मल्टी एक्सलमध्ये साधारण चौदा-पंधरा टन माल धरतात.

इथे वजन आणि जागा हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि नवा माणूस त्यातला एकच करतो. बत्तीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद व आठ फूट उंच धरला तर आत सुमारे दोन हजार घनफूट जागा मिळते. फराळाच्या पदार्थांचा एक खोका दीड घनफुटाचा आणि पाच किलोचा असेल, तर रचताना राहणारी पोकळी सोडून बाराशे खोके बसतील आणि वजन होईल सहा टन. म्हणजे जागा संपली तरी वजन शिल्लक. याला सिंगल एक्सल पुरे. मल्टी एक्सलचे जास्त भाडे भरण्याचे काहीच कारण नाही. उलट लोखंडी किंवा पितळी सुटे भाग असतील तर सात टन माल जमिनीवरच एक थर पसरून संपतो आणि वर छतापर्यंत हवा राहते. अशा मालाला बंद कंटेनरही लागत नाही, ताडपत्री नीट बांधलेला उघडा ट्रक पुरतो. मात्र पावसाळ्यात ताडपत्री एक नको, दोन हव्यात, आणि गाडी भरण्याआधी ती उलगडून उजेडात धरून पाहावी. भोके तिथेच दिसतात.

वजनाबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. २०१८ साली केंद्र सरकारने ट्रकांची वजनमर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकाचे मालासह एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन एक्सलच्या दहा चाकीचे २५ वरून २८.५ टन, पाच एक्सलचे ३७ वरून ४३.५ टन. हे आकडे गाडीच्या वजनासकट आहेत. दहा चाकी रिकामा ट्रकच नऊ-दहा टनांचा असतो, म्हणजे माल अठरा-एकोणीस टन. शिवाय प्रत्येक गाडीच्या आरसीवर तिचे मंजूर वजन लिहिलेले असते आणि खरे तेच. ब्रोकर म्हणेल, “दोन टन वर घाला साहेब, काही होत नाही.” २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. जादा माल रस्त्यातच उतरवावा लागतो, तो खर्च निराळा. आणि कायद्याचे शब्द फक्त चालवणाऱ्यापुरते नाहीत, चालवायला लावणाराही त्यात येतो.

दंड ही त्यातली लहान गोष्ट. इंदूरहून महाराष्ट्रात जाणारा रस्ता म्हणजे जुना आग्रा-मुंबई रोड, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३. तो मानपूरपुढे विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जातो, खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि सेंधव्यापुढे बिजासन घाटातून सातपुडा उतरून शिरपूर-धुळ्याकडे येतो. दोन मोठे उतार. पहिल्यातला गणपती घाट ब्रेक निकामी होण्याच्या अपघातांसाठी इतका कुप्रसिद्ध झाला की उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा वळणरस्ता काढावा लागला. दुसऱ्या घाटाखाली, पळासनेरजवळ, जुलै २०२३मध्ये ब्रेक निकामी झालेला ट्रक वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. उतारावर ब्रेकवर येणारा ताण वजनाबरोबर वाढतो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आपल्या दोन टनांच्या बचतीची किंमत हॉटेलात चहा पीत बसलेल्या माणसाने का द्यावी?

भाडे कसे ठरते

भाड्याचा बाजार देवास नाका, लोहा मंडी आणि ट्रान्सपोर्ट नगरात बसतो. आता बराचसा मोबाइलवरही. दर रोज बदलतो आणि तो किलोमीटरवर जेवढा अवलंबून असतो त्याहून जास्त परतीच्या मालावर. ट्रकमालकाच्या दृष्टीने भाडे एका फेरीचे नसते, जाऊन-येऊन फेरीचे असते. ज्या गावाहून परतीचा माल लगेच मिळतो तिथे जायला तो कमी भाड्यात तयार होतो. ज्या गावाहून रिकामे यावे लागेल, तिथले भाडे परतीचा निम्मा डिझेल धरूनच सांगतो. म्हणून मुंबई-भिवंडी-पुण्याकडे गाडी सहज मिळते, आणि त्याहून जवळच्या एखाद्या आडगावाला जास्त भाडे पडते. नवख्या माणसाला वाटते, आपल्याला लुटले. तसे नेहमीच नसते.

ऋतूंचाही हात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळव्यातले सोयाबीन बाजारात येते, एप्रिल-मेमध्ये गहू. तेव्हा उघड्या ट्रकांची ओढाताण होते. दिवाळी आणि होळीला ड्रायव्हर गावी जातात, गाड्या उभ्या राहतात, दर चढतात. मार्चअखेर सगळ्यांनाच बिले काढायची घाई असते. ज्याला शक्य आहे त्याने मोठी ऑर्डर या आठवड्यांच्या चार दिवस अलीकडे किंवा पलीकडे काढावी. गिऱ्हाइकाशी बोलताना तारखेत एवढी ढील मागून घेणे, ही भाड्यात घासाघीस करण्यापेक्षा फायद्याची गोष्ट आहे.

भाडे विचारताना मात्र आकडा एक नसतो, हे लक्षात असू द्यावे. भरण्याची हमाली कोणाची, उतरवण्याची कोणाची? वजनकाट्याचे पैसे? टोल धरून की सोडून? शहरात दिवसा अवजड गाड्यांना प्रवेश नसतो, मग गिऱ्हाइकाच्या दारी गाडी रात्री पोचली तर उतरवून घेणारा कोणी आहे का? आणि सगळ्यात भांडणाचा विषय, हॉल्टिंग. गाडी भरायला किंवा रिकामी व्हायला किती तास मोफत आणि त्यानंतर दिवसाला किती रुपये, हे आधी ठरले नसेल तर भाड्यातली सगळी घासाघीस एका शनिवार-रविवारात पाण्यात जाते. शुक्रवारी संध्याकाळी निघालेली गाडी शनिवारी दुपारी पुण्याच्या कारखान्यात पोचते, स्टोअर बंद, सोमवारी सकाळी उघडणार. दोन दिवसांचे हॉल्टिंग कोण देणार? गिऱ्हाईक म्हणतो, तुम्ही वेळेवर पाठवायला हवी होती. ट्रकवाला म्हणतो, माझी गाडी उभी होती. दोघेही खरे बोलतात आणि पैसे आपण देतो. हे सर्व एका व्हॉट्सअॅप संदेशात लिहून समोरच्याकडून ‘ठीक है’ एवढे उत्तर घेतले तरी निम्मी भांडणे टळतात.

पैशांची रीत अशी, की गाडी भरल्यावर भाड्याचा मोठा हिस्सा आगाऊ आणि उरलेला पोच आल्यावर. या उरलेल्या रकमेला बाजारात बॅलन्स म्हणतात आणि आपल्या हातात असलेली ती एकमेव दोरी आहे. सगळे भाडे आगाऊ मागणाऱ्याला दोनदा विचारावे. पण ती दोरी उगाच ताणूही नये. ट्रकमालक बहुधा एक-दोन गाड्यांचा धनी असतो, कर्जाचा हप्ता भरत असतो, आणि पोच मिळूनही त्याचे बॅलन्स महिनाभर अडकवणारे व्यापारी बाजारात सगळ्यांना माहीत असतात. सीझनमध्ये त्यांना गाडी मिळत नाही, किंवा मिळते ती दुसऱ्या कोणी नाकारलेली.

बिल्टी म्हणजे नुसती पावती नव्हे

आता मुख्य गोष्ट. समजा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातून पंपाचे सुटे भाग पुण्याला निघाले. माल १८ लाखांचा, भाडे ३२ हजार. बिजासन घाटात गाडी उलटली आणि माल गेला. भरपाई किती मिळेल?

बहुतेकांना वाटते, १८ लाख. कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ हा कायदा १८६५च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याच्या जागी आला आणि त्याचे नियम २०११चे आहेत. कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी पक्की केली आहे. माल हरवला किंवा बिघडला तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नाही. पण त्याच कायद्याने रकमेला मर्यादाही घातली आहे. मालाची किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरायचे आधी ठरवलेले नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापट, त्यापुढे नाही. ३२ हजारांची दहापट ३ लाख २० हजार. उरलेले १४ लाख ८० हजार आपले गेले. छोट्या कारखान्यात एवढी रक्कम म्हणजे सहा महिन्यांचे पगार असू शकतात.

यावर उपाय दोन. एक, माल देताना वाहतूकदाराला जो फॉरवर्डिंग नोट द्यायचा असतो त्यात किंमत लिहून जास्त जोखमीचा दर मान्य करायचा. व्यवहारात फार थोडे ट्रान्सपोर्टवाले याला तयार होतात. दुसरा आणि सोपा उपाय, आपला स्वतःचा मालविमा. याला मरीन विमा म्हणतात, समुद्राशी संबंध नसला तरी. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी त्यात अ, ब, क अशा तीन प्रती आहेत. क-मध्ये आग आणि वीज एवढेच येते. ब-मध्ये गाडी उलटणे, धडकणे येते. अ-मध्ये चोरीसकट बहुतेक सगळ्या जोखमी येतात. हप्ता स्वस्त म्हणून क घेणारे लोक आहेत, आणि घाटात गाडी उलटल्यावर त्यांना कागद नीट वाचायची वेळ येते. महिन्याला दोन-चार गाड्या निघत असतील तर वर्षाची ओपन पॉलिसी घ्यावी, दर वेळी विमा काढायचा विसर पडत नाही. गाडीचा विमा आहे असे ब्रोकर सांगेल. तो गाडीचा आणि तिने इतरांना केलेल्या नुकसानीचा असतो, आपल्या मालाचा नव्हे.

बिल्टीवर बारीक अक्षरांत ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असतो. तो पाहून घाबरू नये आणि त्याला दुर्लक्षूही नये. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, जुन्या कायद्याखाली, असे स्पष्ट केले की एवढ्या शब्दांनी वाहतूकदार आपल्या जबाबदारीतून सुटत नाही. पण ते कोर्टात जाऊन मिळवायचे असते.

बिल्टी देतो कोण, हे म्हणून महत्त्वाचे. कायद्याने मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्याला नोंदणी लागते, आणि व्याख्येत बुकिंग कंपनी, एजंट, ब्रोकर हे सगळे येतात. तरीही बाजारात असे ब्रोकर पुष्कळ, जे फोनवर गाडी जोडून देतात, कमिशन घेतात आणि बिल्टीवर स्वतःचे नावही येऊ देत नाहीत. गाडी गेली की ते म्हणतात, आमचा संबंध गाडी लावून देण्यापुरता. असा माणूस हुंडेकरी नव्हे. त्याच्याकडून गाडी घेऊच नये असे मी म्हणत नाही, कारण सीझनमध्ये दुसरा मार्ग नसतो. मात्र अशा वेळी सगळी खातरजमा आपल्याला करावी लागते.

ती कशी करायची, तेही सांगतो. गाडी दाराशी आल्यावर नंबरप्लेटवरचा क्रमांक परिवहन खात्याच्या अॅपवर टाकावा. मालकाचे नाव, फिटनेस, विमा, परमिट लगेच दिसते. आरसीवरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, कारण खोट्या नंबरप्लेटच्या गाडीत माल भरून पसार होण्याचे प्रकार घडतात. ड्रायव्हरचे लायसन्स आणि त्याचा फोटो घ्यावा, त्याला राग येत नाही, त्याला सवय असते. आगाऊ रक्कम आरसीवरच्या मालकाच्या किंवा बिल्टी देणाऱ्या कंपनीच्या खात्यातच जावी. “दुसऱ्या खात्यात टाका, घरी अडचण आहे,” असे कोणी म्हटले तर गाडी भरणे थांबवावे. या सगळ्याला वीस मिनिटे लागतात.

आणि ड्रायव्हरला चहा द्यावा, बसायला सावली द्यावी, हातपाय धुवायला पाणी द्यावे. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम सांगितले होते. देवास नाक्यावर जाऊन कोणत्याही ड्रायव्हरला हे सांगून पाहा, तो हसेल. भरणे लांबले म्हणून तो दिवसभर उन्हात जागा राहिला आणि रात्री आपण त्याला ‘उद्या सकाळी पोचायलाच हवे’ म्हणून पिटाळले, तर आपला १८ लाखांचा माल एका पेंगणाऱ्या माणसाच्या हाती दिलेला असतो. ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगले झाले. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या मात्र जुन्या आहेत.

ई-वे बिल

जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७पासून विक्रीकराचे नाके गेले आणि १ जुलै २०२४पासून मध्य प्रदेशाने परिवहनाचे नाकेही बंद केले. सेंधव्याजवळ गाड्यांच्या ज्या रांगा लागत, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनाच या बदलाची किंमत कळेल. नाक्याची जागा आता ई-वे बिलाने घेतली आहे. एका राज्यातून दुसऱ्यात ५०,००० रुपयांवरचा माल जायचा तर ते लागतेच, १ एप्रिल २०१८पासून. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात बिल, माल, किंमत, पत्ते. दुसऱ्यात गाडीचा क्रमांक. दुसरा भाग भरला की घड्याळ सुरू होते.

दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या अंशाला एक दिवस, असा हिशेब आहे. इंदूर ते मुंबई सहाशेच्या आत धरले तर तीन दिवस. पहिला दिवस बिल तयार केल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. समजा शनिवारी संध्याकाळी अकाउंटंट घरी जायच्या घाईत बिल आणि ई-वे बिल दोन्ही काढून गेला, गाडी क्रमांकासकट. गाडी मात्र सोमवारी संध्याकाळी भरून निघाली. पहिला दिवस रविवारी मध्यरात्री संपला, दुसरा सोमवारी, तिसरा मंगळवारी. गाडी बुधवारी पहाटे मुंबईच्या वेशीवर असेल तेव्हा बिल मेलेले असेल. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, म्हणजे बुधवारी सकाळी आठपर्यंत. पण ते आठवायला कोणीतरी जागे हवे. माल निघालाच नाही तर २४ तासांत बिल रद्द करता येते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला, तर नव्या गाडीचा क्रमांक लगेच भरावा लागतो.

पकडले गेल्यावर मालाचा मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट. आपल्या पंपाच्या भागांवर १८ टक्के कर धरला, तर १८ लाखांवर कर ३ लाख २४ हजार आणि दंड ६ लाख ४८ हजार. अपील करता येते, पण माल तोवर अडकतो. टायपिंगची चूक, पिनकोडची चूक, गाडीच्या क्रमांकातला एखादा आकडा, अशा किरकोळ गोष्टींसाठी मात्र २०१८च्या सप्टेंबरमधल्या परिपत्रकाने एकूण १,००० रुपयांचाच दंड सांगितला आहे. त्या परिपत्रकाची प्रत ड्रायव्हरच्या कागदांत ठेवून द्यावी. रस्त्यावर रात्री दोन वाजता तिचा उपयोग होतो.

भाड्यावरच्या करात फार खोल जात नाही, आपल्या सीएंना विचारावे. एवढेच, की बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतः जीएसटी लावला नसेल, तर भाडे भरणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला ५ टक्के कर स्वतः भरावा लागतो. नंतर त्याची जमा घेता येते. हे भरायचे राहून गेले की दोन वर्षांनी व्याजासह नोटीस येते.

रेल्वे का नाही?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात, आणि योग्यच विचारतात. इंदूरला रेल्वे आणली ती तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी. त्यांनी इंग्रज सरकारला त्यासाठी एक कोटी रुपये कर्ज दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. १८७०च्या दशकात खांडवा-इंदूर मार्ग झाला. पण तो मीटरगेज, आणि मुंबईकडचा मार्ग ब्रॉडगेज. म्हणजे खांडव्याला माल एका डब्यातून दुसऱ्यात घालणे आले. पार्ट लोडची तीच जुनी व्यथा. माळव्यातली अफू ज्या रस्त्याने बैलांवर आणि गाड्यांवर लादून मुंबईला जात असे, तो आग्रा-मुंबई रोड म्हणूनच रेल्वे आल्यावरही ओस पडला नाही. आजही इंदूरहून मुंबईला जाणारी गाडी रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घेते.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. तो झाला तर कंटेनर, धान्य, सिमेंट असा जड माल रेल्वेकडे वळेल. निर्यातीच्या कंटेनरांसाठी पीथमपूरजवळ टीहीला डेपो आहेच. पण सात टन सुटे भाग सांवेर रोडवरून चाकणच्या एका कारखान्यात पोचवायचे, तर दोन्ही टोकांना ट्रक लागणारच. त्यामुळे आपल्या आकाराच्या उद्योगांनी रेल्वेच्या आशेवर ट्रकचे गणित शिकायचे टाळू नये.

शेवटी पोच. माल उतरल्यावर बिल्टीच्या प्रतीवर गिऱ्हाइकाचा सही-शिक्का घेतात, त्याला बाजारात पीओडी म्हणतात. त्यावरच आपले बिल पास होते आणि ट्रकवाल्याचे बॅलन्स सुटते. गिऱ्हाइकाच्या माणसाला आधीच सांगून ठेवावे, की खोके फुटले असतील, भिजले असतील किंवा कमी असतील तर ते सही करताना त्याच कागदावर लिहावे, फोटो काढावेत आणि ड्रायव्हरचीही सही घ्यावी. कोरी सही करून दुसऱ्या दिवशी फोन केला, तर विमा कंपनी पहिल्यांदा तो कागदच पुढे ठेवते. नुकसान झाले असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि वाहतूकदाराला रजिस्टर टपालाने लेखी नोटीस द्यावी. दावा करण्यापूर्वी ही नोटीस सक्तीची आहे आणि तिची मुदत माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवस आहे. नुकसान कळल्याच्या तारखेपासून नव्हे. गोड बोलून, “देख लेंगे भाईसाब” म्हणत सहा महिने काढणारे लोक या धंद्यात आहेत, आणि त्यांना हा आकडा पाठ असतो. विम्याचे पैसे मिळायचे असले तरीही ही नोटीस द्यावीच लागते, कारण आपल्याला भरपाई दिल्यावर विमा कंपनी वाहतूकदाराकडून वसुली करते, आणि तो हक्क आपण बुडवला तर ती आपल्याच रकमेवर बोट ठेवते. म्हणून ज्या दिवशी गाडी निघेल त्या दिवशी बिल्टीची तारीख आणि त्यापुढची १८० दिवसांची तारीख, दोन्ही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.